मागाच्या भिंतीला टेकलेला संगणक: एप्रिल-मे २०२४ च्या नोंदी

२ एप्रिल २०२४, मंगळवार

सकाळीच मामांचा फोन. ऑफिसचा कॉम्प्युटर बघून जा, वर्षअखेरीचं काम अडलंय, दिवाणजी वैतागलेत. दुपारी दुकान बंद करून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो. टॉवेलचा कारखाना, बारा माग, शेडला लागूनच दहा बाय दहाचं ऑफिस. भिंतीत बसवलेल्या कडप्प्यावर संगणक, प्रिंटर आणि खतावण्यांचा गठ्ठा.

आधी घड्याळ लावलं. बटण दाबल्यापासून टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) कंपनी उघडून पहिलं व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकता येईपर्यंत ११ मिनिटं ४० सेकंद. दिवाणजी काका म्हणाले, "मी आल्या आल्या बटण दाबतो, देवाला उदबत्ती लावतो, चहा पिऊन येतो, तरी ते गोल गोल फिरतच असतंय."

मशीन असं: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क, विंडोज १०. सी ड्राइव्ह १०० जीबीचा, त्यात २.८ जीबी शिल्लक. डी ड्राइव्ह ३६५ जीबीचा आणि जवळजवळ मोकळा. आपल्याकडे निम्मी मशीन्स अशीच विभागलेली सापडतात.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत, १२ टक्क्यांवर. डिस्क मात्र १०० टक्के, आणि तिथून वाचलं काय जातंय तर सेकंदाला १.२ एमबी. प्रतिसादाचा वेळ ९०० मिलिसेकंदांच्या आसपास. धडधाकट हार्ड डिस्कचा हा आकडा दहा-वीसच्या घरात असतो, म्हणजे दुखणं डिस्कच्या बाजूला आहे हे उघड. नुसत्या कचऱ्याने ९०० होत नाही, हेही तितकंच उघड.

याआधी दोघांनी हात लावलाय. एकाने "फॉरमॅट मारा" सांगितलं, दुसऱ्याने वेग वाढवणारं म्हणून एक सॉफ्टवेअर टाकलं आणि पैसे घेऊन गेला. दोघांपैकी कुणीही डिस्कची तब्येत बघितली नव्हती.

आज साफसफाई नाही, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) नाही, काहीच नाही. फक्त टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेतला. १.४ जीबीचा फोल्डर, पण एका ठिकाणी नऊ मिनिटं अडकला आणि मग एरर. अडकला त्या वेळी कॅबिनेटला कान लावला. टक्… टक्… टक्, मग दोन सेकंद शांतता, पुन्हा तेच. अडकलेलं फोल्डर २०१७-१८ चं, जीएसटीच्या पहिल्या वर्षाचं. बाकी सगळी वर्षं आली.

दिवाणजींना सांगितलं, उद्यापर्यंत मशीन बंद ठेवा. त्यांना ते पटलं नाही. ११ तारखेच्या आत मार्चचं विक्रीचं रिटर्न भरायचंय. पण ठेवलं.

३ एप्रिल, बुधवार

आज क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून डिस्कचे स्मार्ट आकडे वाचले. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्याची वही स्वतःच लिहीत असते, कुणी उघडून बघत नाही एवढंच. इथे वर पिवळ्या रंगात "सावधान" होतं.

०५, बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे): १६.
सी५, प्रलंबित सेक्टर: ७२.
सी७, केबलवरच्या चुका: ४,३१८.
चालू तास: २१,९०६.
तापमान: ५४ अंश.

सी५ चा अर्थ असा. डिस्कला ती जागा वाचता येत नाही, पण हातून सोडवतही नाही, कारण आत काय होतं ते तिला कळलेलं नाही. कधीतरी वाचता येईल या आशेवर ती जागा यादीत पडून राहते. विंडोजला तिथलं काही हवं असेल तर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ बाकी सगळं ताटकळतं. कालचं टक् टक् ते हेच.

सी७ हे वेगळं प्रकरण. डिस्कने बरोबर वाचलं, पण बोर्डापर्यंत येताना डेटा बिघडला. बहुतेक वेळा सॅटा केबल (डिस्क आणि बोर्ड जोडणारी) सैल किंवा खराब. म्हणजे एकाच मशीनला दोन आजार, आणि बाहेरून दोन्हीचं लक्षण एकच: मंदपणा.

कॅबिनेट उघडलं तेव्हा क्षणभर आत काय आहे ते कळेना. टॉवेलच्या लुपांतून उडणारी बारीक पांढरी लव पंख्यावर, हीटसिंकवर, डिस्कच्या चारी अंगांना बसलेली. बोटाने उचलली तर अख्खी गादीच निघाली, हातरुमालाएवढा सलग तुकडा. हीटसिंकच्या पात्यांमधून पलीकडचं काही दिसत नव्हतं. ब्रश आणि ब्लोअर घेऊन बाहेर अंगणात अर्धा तास काम केलं. डिस्कला लावलेल्या केबलची क्लिप तुटलेली, कनेक्टर हलवला की हलत होता. नवी क्लिपवाली केबल लावली.

मामा शेजारी उभे. "एवढी लव आत गेली, मग डिस्क खराब होणारच की." तसं नाही. डिस्कच्या झाकणावर सुईच्या अग्राएवढं एक छिद्र असतं, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून, आणि त्याच्या आत बारीक गाळणी असते. लव आत जात नाही. लवेने फक्त हवा अडवली आणि डिस्क उन्हाळ्यात शिजत राहिली. (त्या छिद्राशेजारी "झाकू नका" असं लिहिलेलं असतं. त्यावर वॉरंटीचं किंवा दुकानाचं स्टिकर चिकटवणारे लोक मी पाहिलेत.)

साफ केल्यावर तासाभराने तापमान ४५. बाहेर चाळिशी ओलांडलेली असताना हे चांगलंच. सी७ चा आकडा केबल बदलून कमी होत नाही, तो कायमचा साठतो. ४,३१८ वहीत लिहून ठेवला. यापुढे तो वाढला नाही म्हणजे केबलचा आजार गेला.

मंदपणा मात्र थोडाच कमी झाला: ९ मिनिटं १० सेकंद. मुख्य आजार तसाच आहे.

४ एप्रिल, गुरुवार

दिवाणजींनी विचारलं, "ती चेकडिस्क का काय असती ती चालव की. मागच्या वेळी त्या पोराने चालवली होती." साधी चेकडिस्क फाइलींची नोंदवही नुसती तपासते, "एफ" लावली की दुरुस्त करते. "आर" लावून चालवली की ती अख्खी डिस्क घासून वाचत जाते. डीफ्रॅग तर लाखो तुकडे उचलून दुसरीकडे लिहितो. निरोगी डिस्कला हा व्यायाम आहे, आजारी डिस्कला मरण.

हे मी शिकलो ते दुसऱ्याच्या नुकसानीतून. दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी एका ताईंनी लॅपटॉप आणला होता, फार हळू चालतो म्हणून. मी स्मार्ट न बघता रात्री डीफ्रॅग लावून घरी गेलो. सकाळी डिस्क बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या पडद्यावर, दिसेना. त्यात त्यांच्या वडिलांचे शेवटचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत, लॅपटॉप घेऊन गेल्या. त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी तब्येत, मग प्रत, मग उपचार. तो क्रम मी कुणाच्या घाईसाठी मोडत नाही.

संध्याकाळी डिस्क काढून नवी पेठेतल्या दुकानात आणली. दिवाणजी उद्या कागदावर काम करणार.

५ एप्रिल, शुक्रवार

काल रात्री साडेआठला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू लावला. डावीकडे आजारी डिस्क, उजवीकडे माझ्या फळीवरची १ टीबीची निरोगी हार्ड डिस्क. हे साधन मला आवडतं ते त्याच्या समंजसपणासाठी. अडलेल्या जागेवर ते हट्ट करत बसत नाही. आधी जेवढं सहज येतं तेवढं सगळं उचलतं, अडचणीच्या जागा नकाशात टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मध्येच वीज गेली तरी नकाशावरून पुढे चालू करता येतं.

पावणेदोन तासांत जवळजवळ सगळं आलं. उरलेल्या कणभर भागासाठी पहाटेपर्यंत टकटक चालू होती. सकाळी हिशेब: ११ सेक्टर, प्रत्येकी ४ केबी, एकूण ४४ केबी आले नाहीत. स्मार्टमध्ये सी५ आता ८८. ही डिस्क आतून ४ केबीचे सेक्टर ठेवते पण बाहेर ५१२ बाइटचे दाखवते, म्हणून ११ गुणिले ८. आकडा जुळला तेव्हा बरं वाटलं. पण परवाचे ७२ दोन दिवसांत ८८ झाले. वाट बघण्यासारखी परिस्थिती नव्हती.

आता हे ४४ केबी नेमके कशातले? प्रतीवर त्या अकरा जागी एक ओळखीचा शब्द लिहवून घेतला आणि मग सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधला. सहा जागा रिकाम्या भागात. तीन विंडोजच्या हायबरनेशन फाइलमध्ये (मशीन झोपवताना रॅममधलं ठेवायची जागा), म्हणजे काही बिघडत नाही. उरलेल्या दोन २०१७-१८ च्या टॅली फोल्डरमध्ये. आठ केबी. अख्ख्या ५०० जीबीत नेमकी तीच जागा.

मामांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या वर्षाची बांधीव फाइल आहे, पण टॅलीतलं लागतंच. बघ काय होतंय."

६ एप्रिल, शनिवार

प्रत केलेली १ टीबीची डिस्क मशीनमध्ये बसवली. आता उपचार करायला हरकत नाही, कारण मूळ डिस्क पाकिटात घालून दुकानात ठेवलीय.

पहिली चेकडिस्क, "एफ" लावून. काही अनाथ नोंदी निघाल्या, दुरुस्त झाल्या. हे होणारच होतं. यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, शेडमध्ये माग सुरू करताना दिवे मंद होतात तेव्हा कधी कधी संगणकही झटक्यात बंद पडतो. बॅटरी सोमवारी आणायची.

मग सी ड्राइव्ह. त्यात जागा नसणं हे स्वतंत्र दुखणं आहे. विंडोजला तात्पुरत्या फाइली, अपडेट आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल) यांसाठी हात पसरायला जागा लागते. साफसफाईत निघालं ते असं: जुन्या विंडोजचा उरलेला फोल्डर १९ जीबी, तात्पुरत्या फाइली ६ जीबी, हायबरनेशन बंद केल्यावर दीड जीबी आणि ते वेग वाढवणारं सॉफ्टवेअर. त्याने आणखी एक उपकार केला होता: विंडोजचं दर आठवड्याचं ड्राइव्ह ऑप्टिमाइझ, म्हणजे आपोआप होणारा डीफ्रॅग, बंद करून ठेवलं होतं.

डेस्कटॉपवर आणि डाउनलोडमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेल्या टॉवेलच्या डिझाइनचे फोटो, २२ जीबी. ते डीवर हलवले. पुसले नाहीत. कुठलं डिझाइन गिऱ्हाईक तीन वर्षांनी परत मागेल ते मामांनाही सांगता येत नाही. सीवर आता ५१ जीबी मोकळे.

स्टार्टअपमधून सात वस्तू बंद केल्या. प्रिंटरची शाई विकू बघणारं काहीतरी, दोन अपडेटर, एक गेमचा लाँचर (दिवाळीत भाचा येऊन गेला होता). अँटिव्हायरस दोन होते, एकमेकांच्या फाइली तपासत बसलेले. एक काढला.

मग विश्लेषण: ३४ टक्के तुकडे झालेले. डीफ्रॅग लावला. दिवाणजी शेजारी बसून टक्केवारी बघत होते. त्यांनी विचारलं तुकडे म्हणजे काय, आणि मला समजवायला मिनिटसुद्धा लागलं नाही, कारण उदाहरण त्यांच्याच कडप्प्यावर होतं. खतावणीत एका पार्टीचं खातं पान ४ वर सुरू झालं, पान भरलं, पुढचं पान दुसऱ्याला दिलेलं, म्हणून उरलेलं पान ३१२ वर, तिथूनही पुढे पान ५७ वर. हिशेब बरोबर आहे, पण उतारा काढायचा तर पानं उलटण्यातच वेळ जातो. ते लगेच म्हणाले, "आणि वही संपत आली की असंच होतंय. सुरुवातीला कोरी असती तेव्हा सगळं सलग."

अगदी तेच. डिस्कचं पान उलटणं म्हणजे वाचणारी सुई एका वर्तुळावरून दुसऱ्यावर जाणं. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलिसेकंद. सुई सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे एका उडीला साधारण १३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ७५ उड्या. विंडोज चालू होताना हजारो लहान फाइली लागतात. तेरा मिलिसेकंदांचे ढीग कसे साठतात ते इथे कळतं.

रात्री आठला मोजलं: ४ मिनिटं ५ सेकंद. शिफ्ट बदलत होती, अर्धे माग बंद.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी अकराला दिवाणजींचा फोन. "शनिवारी बरं चाललं होतं रे. आज पुन्हा रडायला लागलंय."

यूपीएसची बॅटरी घेऊन गेलोच. मोजलं: ६ मिनिटं ५०. तीच डिस्क, तेच विंडोज, दोन दिवसांत एवढा फरक कसा? स्मार्ट स्वच्छ. सी५ शून्य, सी७ शून्य, तापमान ४६. चार जीबीची एक मोठी फाइल सीवरून डीवर टाकली तर सुरुवातीपासूनच वेग सेकंदाला १८-२० एमबी. याच डिस्कवर दुकानात याच फाइलीला ४५ मिळाले होते.

केबल बदलली, पोर्ट बदलला, काही नाही. दोन तास गेले.

मग दिवाणजींनी पाण्याचा स्टीलचा पेला कडप्प्यावर ठेवला आणि माझं लक्ष गेलं. पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, न थांबता. तळवा कडप्प्यावर ठेवला. कोपरापर्यंत झिणझिण्या. भिंतीच्या पलीकडे चार फुटांवर माग, आडवा धागा नेणारा धोटा प्रत्येक फेरीला आपटतोय, भिंत हलतेय, भिंतीत घुसवलेला कडप्पा तिच्याबरोबर हलतोय आणि कडप्प्यावरचं कॅबिनेटही. दिवाणजींना तो आवाज वीस वर्षांत ऐकूच येईनासा झालाय. मलाही या दोन तासांत तो वेगळा असा जाणवला नव्हता.

केसाच्या जाडीत हार्ड डिस्कवरची शेकडो वर्तुळं मावतात. सुईला त्यातल्या एकाच वर्तुळावर राहायचं असतं. धक्क्याने ती जरा जरी बाजूला गेली तर डिस्क लिहिणं थांबवते, शेजारच्या वर्तुळावर चुकून लिहिलं जाऊ नये म्हणून, आणि ती जागा पुन्हा फिरून येण्याची वाट बघते. दर वेळी एक फेरी वाया. वाचताना थोडं चालून जातं, लिहिताना डिस्क फार सावध असते.

हा माझा अंदाज. उद्या पाडवा, माग बंद. उद्या तपासता येईल.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

घरची गुढी उभारून दहाला कारखान्यात. गेटवर मामांनीही गुढी बांधलेली. शेडमध्ये चिटपाखरू नाही. इतकी शांतता मी तिथे पहिल्यांदाच अनुभवली.

काहीही न हलवता, त्याच कडप्प्यावर, तीच फाइल: ४६ एमबी. पुन्हा: ४५. पुन्हा: ४६. बटणापासून टॅलीपर्यंत ३ मिनिटं ५५.

मामांना बोलावून दाखवलं. "म्हणजे माझे माग कॉम्प्युटर बिघडवतात?" होय मामा, आणि जुनी डिस्क आजारी पडण्यात त्यांचा हात असणारच. उष्णता, झटक्यात जाणारी वीज आणि हा हादरा, तिन्ही मिळून. केबलची क्लिप सैल होण्याचंही कारण तेच दिसतं.

मामांनी एक माग चालू करून दाखवला. आकडा ३९. दुसरा चालू करायचा म्हणाले, तेव्हा मामींनी पाडव्याच्या दिवशी काम नको म्हणून थांबवलं. श्रीखंड-पुरी खाऊन परत आलो.

१० एप्रिल, बुधवार

लाकडी स्टूल, खाली जाड रबराचे चार तुकडे (टायरवाल्याकडून कापून आणले), वर पुन्हा रबराची चटई. कॅबिनेट भिंतीपासून दोन फूट दूर. सगळे माग चालू असताना ४१ एमबी. टॅलीपर्यंत ४ मिनिटं १५.

खर्च जवळजवळ शून्य.

दिवाणजींनी रात्री नऊला विक्रीचं रिटर्न भरलं. फोन करून सांगितलं.

१४ एप्रिल, रविवार

फक्त आकडे. १ टीबी डिस्क: ०५ शून्य, सी५ शून्य, सी७ शून्य, तापमान ४४. तुकडे १ टक्का. आठवड्याचं ऑप्टिमाइझ पुन्हा सुरू आहे, बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत.

टॅली, ब्राउझर आणि ईमेल एकत्र उघडलं की रॅम ९० टक्के आणि डिस्क पुन्हा १००. रॅम कमी पडली की विंडोज उरलेलं ओझं पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर टाकतं. डिस्कचा म्हणून दिसणारा हा मंदपणा खरं तर रॅमचा आहे.

२१ एप्रिल, रविवार

काल ३-बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरून झालं. आज मशीन दिवसभर मोकळं मिळालं. मामांनी ४८० जीबीची एसएसडी (फिरत्या तबकडीशिवायची डिस्क) आणि ४ जीबी रॅम मंजूर केली. "सरळ आधीच का नाही बसवलीस?" असं विचारलंच त्यांनी. कारण आधी बसवली असती तर ते दोन आजारी सेक्टर कुठे आहेत हे कळलंच नसतं. २०१७-१८ चा डेटा गेला हे कधीतरी तीन वर्षांनी, गरज पडेल त्या दिवशी समजलं असतं.

४८० जीबीची एसएसडी ५०० जीबीपेक्षा लहान, म्हणून आधी डी ड्राइव्ह ३०० जीबीपर्यंत आकसून घेतला, मग क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत. बसवल्यावर ऑप्टिमाइझच्या खिडकीत प्रकार "सॉलिड स्टेट ड्राइव्ह" असा दिसतोय का ते पाहिलं. क्लोन केल्यावर विंडोज कधी कधी तिला अजून हार्ड डिस्कच समजतं आणि डीफ्रॅग करायला जातं. इथे आधी तसंच दिसत होतं. विनसॅट, म्हणजे विंडोजची वेग मोजायची चाचणी, एकदा चालवल्यावर सुधारलं. एसएसडीला सुई नाही, पान ४ आणि पान ३१२ तिला सारखंच दूर, त्यामुळे तुकडे जुळवण्यात अर्थ नाही. तिला ट्रिम लागतो, म्हणजे कुठल्या जागा रिकाम्या झाल्या याची सूचना.

एच-६१ बोर्डावर सॅटाचा वेग ३ गिगाबिटच, त्यामुळे मोठी फाइल वाचताना सेकंदाला २७० एमबीच्या वर जात नाही. डब्यावर ५०० च्या वरचा आकडा छापलाय. पण ऑफिसच्या कामात फरक पडतो तो लहान लहान उड्यांचा, आणि तिथे तेरा मिलिसेकंदांच्या जागी एका मिलिसेकंदाचा छोटासा अंश लागतो.

बटणापासून व्हाउचरपर्यंत: ४१ सेकंद. माग चालू असोत वा बंद.

दिवाणजींनी दोनदा बंद करून चालू केलं. मग काही न बोलता उदबत्ती लावायला उठले.

मामांना दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, एसएसडी जाते तेव्हा टक् टक् करून सांगत नाही, सकाळी दिसतच नाही. म्हणून बॅकअप आधीपेक्षा जास्त नेमाने. दुसरी, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय, आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. दीड वर्ष आहे, तोवर नव्या मशीनची तजवीज करा.

१ टीबीची हार्ड डिस्क यूएसबी पेटीत घालून बॅकअपसाठी दिली. दर शनिवारी जोडायची, कॉपी झाली की काढून कपाटात, कडप्प्यावर नाही.

२८ एप्रिल, रविवार

पाकिटातली जुनी ५०० जीबी बाहेर काढली. सगळं वाचवून झालंय, म्हणून आता तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. अडीच तास. सी५: ८८ वरून ०. ०५: १६ वरून ६४. म्हणजे नव्याने लिहायला सांगितल्यावर डिस्कने अकरापैकी सहा जागा कायमच्या बाद करून राखीव जागा वापरल्या, आणि पाच जागांवर लिहिणं जमलं.

मामा म्हणाले, "मग सुधारली की. बॅकअपला हीच वापर." पुन्हा एकदा पूर्ण वाचून बघितली: सी५ लगेच ८. नवी जागा आजारी पडली होती. आकडा त्यांना दाखवला, मग त्यांनी आग्रह धरला नाही. हिशेबाची डिस्क भंगारात तशीच द्यायची नसते. शून्यं लिहिलेलीच आहेत, तरी ड्रिलने तबकडीला दोन भोकं पाडली.

२०१७-१८ साठी मामांनी सीए साहेबांच्या ऑफिसात विचारलंय. ऑडिटच्या वेळी डेटा सीडीवर दिला होता असं दिवाणजींना आठवतं.

५ मे, रविवार

सीडी मिळाली. पाकिटावर दिवाणजींच्याच अक्षरात "२०१७-१८ फायनल". माझ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हने पहिल्यांदा नाकारली. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, दुसऱ्यांदा उघडली. बॅकअप सप्टेंबर २०१८ चा, पूर्ण.

मशीनवर रिस्टोअर केला. त्याची एक प्रत कपाटातल्या डिस्कवर. मग दिवाणजींनी बांधीव फाइल काढली, छापलेली तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) समोर धरली, आणि मी स्क्रीनवरून एकेक खातं वाचत गेलो. सूत खरेदी, रंगाई, मजुरी, वीज, येणं, देणं. ते हिरव्या पेनाने बरोबर करत गेले. शेवटच्या पानावर बेरीज रुपयाला रुपया मिळाली, खाली त्यांनी तारीख घातली.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलाय. रकाने: तारीख, ०५, सी५, सी७, तापमान, बॅकअप. पहिली ओळ मी भरली. दुसरी कालची, शनिवारची, त्यांच्या अक्षरात: ०, ०, ०, ४३, झाला.